बारावं पान

शाईबाईचं अक्षर बघून नवा माणूस आधी विचारायचा, हे छापून आणलंय कुठून? मग तो तिचा हात बघायचा. जाडजूड बोटं, खुरटलेली नखं, मधल्या बोटाला शेंगदाण्याएवढा घट्टा. असल्या हातातून असलं अक्षर निघतं यावर कुणाचा विश्वास बसत नसे. बाईचं खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथंच राहिलं. औषधं शोधणाऱ्या त्या प्रयोगशाळेत सगळे तिला शाईबाईच म्हणायचे.

काम ऐकायला सोपं. प्रयोग करणारी मंडळी दिवसभर कच्च्या वहीत खरडायची. किती घातलं, किती तापवलं, रंग कसा आला, वास कसा आला. त्या खरडलेल्या पानांवर डाग, चहाचे गोल, मध्येच कुणाचा तरी फोन नंबर. दुसऱ्या दिवशी शाईबाईनं ते सगळं पक्क्या वहीत उतरवायचं. सव्वीस वर्षं तिनं हेच केलं. एका कपाटाची चार कपाटं झाली.

पक्क्या वहीचा नियम थोरल्या साहेबांनी घालून दिलेला. खाडाखोड नको, आणि फसलेला प्रयोग नको. "पाहुण्याला कुणी मोरी दाखवतं का, बाई?" असं म्हणायचे. जे जमलं ते लिहायचं, जे फसलं ते गाळायचं, आणि महिना संपला की कच्च्या वह्या बॉयलरमध्ये. शाईबाईलाही हे पटलं होतं. खोटं कशाला बोला, तिला त्याचा गर्वच होता. सव्वीस वर्षांत एक शब्द खोडलेला नाही, असं ती नव्या माणसाला ऐकवायची, आणि ते खरंच होतं.

थोरले साहेब गेले. नवे साहेब आले, आणि त्यांच्या मागोमाग घोक्या आला.

घोक्या म्हणजे यंत्र. साहेब त्याला भाषेचं मॉडेल म्हणायचे. जगातली पुस्तकं, लेख, पोथ्या वाचून वाचून एका शब्दापुढं कुठला शब्द येतो हे ते शिकलेलं. आणि औषधाचा रेणूसुद्धा अक्षरांच्या एका लांबट ओळीत लिहिता येतो, म्हटल्यावर त्याला रेणूंची भाषाही शिकवलेली. एवढं घोकणाऱ्याला घोक्या नाही म्हणायचं तर काय म्हणायचं, म्हणून शिपायांनी ते नाव पाडलं आणि साहेबांच्याही तोंडी बसलं. फुप्फुसातला एक जंतू जुन्या औषधांना दाद देईनासा झाला होता. त्याला मारील असा नवा रेणू सुचव, आणि तो बनवायचा कसा तेही सांग, असं घोक्याला विचारायचं. तो दहा सुचवायचा. त्यातले दोन बनवून बघायचे.

पण घोक्याला ह्या प्रयोगशाळेची रीत कळावी म्हणून साहेबांनी चारही कपाटं मोकळी केली. शाईबाईची पानं न् पानं त्याला वाचायला दिली. त्या दिवसापासून घोक्या शाईबाईसारखा लिहायला लागला.

"मावशी, हे बघा," चष्मेवाली केमिस्ट पडदा दाखवून हसायची. "'काठी हलक्या हाताने, पण न थांबता फिरवावी.' हे तुमचंच ना?"

"माझंच. दुसरं कोण इतकं सरळ सांगतंय?"

"तुम्ही आता मरायला मोकळ्या. घोक्या आहे."

"आधी तू त्याच्याकडून गोल 'ळ' काढून घे, मग मरते."

चष्मेवाली तिशीची. पदवीच्या मागं पदवी लावलेली, पण डबा उघडला की आधी शाईबाईच्या डब्यात डोकावणारी. हाताला भलती चपळ. काचेची नळी असो की कपाटाची किल्ली, तिच्या बोटांत गेली की निमूट वागायची. शाईबाईला पोर नव्हतं. तिनं ह्या पोरीबद्दल कधी काही बोलून दाखवलं नाही, फक्त डब्यात एक घास जास्त भरायची.

तर त्या दिवशी सकाळी सव्वाअकरा वाजले होते. शाईबाई चष्मेवालीची आदल्या दिवशीची कच्ची वही पक्की करायला बसली. घोक्यानं सुचवलेला नवा रेणू, त्याची कृती. आकृती आधी काढायची असते. तिनं पट्टी घेतली, पाच कोपऱ्यांचं कडं काढलं, कड्याला शिडी टेकवावी तशी रेघ ओढली, आणि तिचा हात आपोआप पुढं गेला. वहीत न बघता तिनं पुढचा तुकडा काढला. मग वहीत बघितलं. बरोबर तोच होता.

हे कडं तिनं अकरा वेळा काढलेलं. एकोणीस वर्षांपूर्वी, लागोपाठ अकरा पानं. बारावं पान काढलंच नव्हतं.

ती खाली वाचत गेली. शेवटची ओळ होती: 'ओव्हनमध्ये रात्रभर ठेवून पूर्ण कोरडे करावे. बशीला चिकटेनासे झाले की कडेने खरवडून काढावे.' वाक्य तिचंच. अकराही पानांवर तिनं हेच लिहिलं होतं. आणि खाली चष्मेवालीच्या घाईच्या अक्षरात: सायंकाळी सहाला ओव्हनमध्ये ठेवलं. उद्या सकाळी साडेअकराला काढणार.

शाईबाई पळाली. तिला पळताना त्या इमारतीत कुणी बघितलं नव्हतं. शिपाई भिंतीला चिकटला.

ओव्हनची खोली जिन्याच्या टोकाला. चष्मेवालीनं हातमोजे घातले होते, एका हातात खरवडायचा स्पॅच्युला, दुसरा हात ओव्हनच्या दांड्याकडं निघालेला.

"थांब!"

"काय झालं मावशी?"

आता इथं सांगायचं होतं. एक वाक्य पुरे होतं. पण एकोणीस वर्षं ज्या तोंडाला कुलूप, ते असं धक्क्यानं उघडत नाही. शाईबाईच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"साहेबांनी बोलावलंय तुला. आत्ता. ताबडतोब."

"दोन मिनिटांचं काम आहे हो."

"आत्ता म्हणाले. वरून कुणीतरी आलंय."

चष्मेवालीनं तोंड वाकडं केलं, हातमोजे काढले, आणि गुणी पोर म्हणून, बाहेर जाताना ओव्हनचं बटण फिरवून बंद केलं. वीज फुकट कशाला जाळा. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस.

शाईबाईला हायसं वाटलं. तिला वाटलं, बंद झालं ते बरंच झालं.

ती फाटकाकडं धावली. तिथं तिचा नवरा बसायचा. डावरा पहारेकरी म्हणून सगळे ओळखायचे, पण तो जन्माचा डावरा नव्हता. एकोणीस वर्षांपूर्वी तो पांढरा कोट घालून वरच काम करायचा आणि उजव्या हातानं लिहायचा. आता त्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच होतं. चहाचा कप तो ह्या दोघांत चिमट्यासारखा धरायचा.

"अहो," शाईबाई धापा टाकत म्हणाली, "बारावं परत केलंय."

कप थांबला. "कुणी?"

"घोक्यानं सांगितलं, पोरीनं केलं. शेपूट जरा वेगळं आहे, बाकी तेच. ओव्हनमध्ये आहे."

"तू काही बोललीस?"

"नाही. साहेबांनी बोलावलंय म्हणून तिला पिटाळलं."

"मग जा, ओव्हन बिघडलाय म्हणून पाटी लाव. नंतर बघू."

"नंतर कोण बघणार? ती पोरगी दहा मिनिटांत परत येईल."

"हळू बोल." त्यानं फाटकापलीकडं बघितलं. कुणी नव्हतं. "तुला कळतंय का काय बोलतीस ते? त्या कागदावर माझी सही आहे. माझ्याच निष्काळजीपणानं झालं म्हणून. लोखंडी हत्यारानं खरवडलं म्हणून. आणि साक्षीदार कोण? तू. तो कागद लिहिला कुणी? तूच, त्या मोत्यासारख्या अक्षरात. त्या सहीच्या बदल्यात हे फाटक मिळालं, भिंतीमागच्या दोन खोल्या मिळाल्या. आज तो कागद खोटा निघाला तर फाटक गेलं, खोल्या गेल्या, तुझी खुर्ची गेली. आपण कुठं जायचं ह्या वयात?"

"मला माहीत आहे ते."

"मग?"

"तिच्या हाताला दहा बोटं आहेत अजून."

रस्त्यावरून एक मालट्रक धडधडत गेला. मग डावरा एकदम म्हणाला, "कडा पिवळी झालीय का?"

"कसली कडा?"

"बशीतल्या पुडीची. बघितलंस का तू?"

"मी कुठं बघू? खरवडण्याआधी तर थांबवलं ना. ओव्हनही बंद केलाय पोरीनं."

चिमट्यातला कप खाली पडला. "बंद केलाय? कधी?"

"अकरा वीसला. का?"

तो उठला तेव्हा खुर्ची उलटली. "जा. कुणाला आत जाऊ देऊ नको. मी आलो." आणि तो वरती न जाता उलट्या दिशेनं, भिंतीमागच्या घराकडं सुटला.

शाईबाई वर पोचली तोवर जिन्याच्या टोकाला नवे साहेब आणि चष्मेवाली दोघंही उभे. साहेबांनी कुणाला बोलावलंच नव्हतं. वरून कुणी आलंही नव्हतं.

"बाई, हा काय प्रकार?" साहेब म्हणाले. वयानं तिच्याहून लहान, म्हणून चिडले तरी आवाज खालीच ठेवायचे. "तुम्ही खोटं बोललात?"

"बोलले. आत जाऊ नका. ते फुटतं."

"काय फुटतं?"

"ओव्हनमधलं. कोरडं झालं की फुटतं."

चष्मेवालीचं कपाळ आक्रसलं. "मावशी, मी घोक्याला आधीच विचारलं होतं. त्या कड्याचे अकरा भाऊबंद ह्याच इमारतीत बनलेत. सगळे असेच वाळवले, सगळे असेच खरवडले. तुमच्याच वहीत आहे. एकही फुटला नाही."

"अकरा नाही फुटले."

"मग?"

चष्मेवालीनं खिशातून फोन काढला. घोक्या तिच्या फोनवरही होता. तिनं तिथंच उभ्या उभ्या टाइप केलं आणि उत्तर मोठ्यानं वाचलं, कारण तिला बाईला पटवायचं होतं.

"'ह्या प्रयोगशाळेच्या वह्यांत ह्या कुटुंबातल्या पदार्थांचा धोका नोंदलेला नाही.' बघा. 'पण त्यावर विसंबू नका. सव्वीस वर्षांच्या नोंदींत एकही प्रयोग फसलेला नाही. खऱ्या कामात असं होत नसतं. म्हणजे फसलेले लिहिले गेले नसावेत, आणि जे लिहिलं नाही ते मला दिसत नाही. जिनं वह्या लिहिल्या तिला काही आठवत असेल, तर माझ्या उत्तरापेक्षा तिचं म्हणणं आधी धरा.'"

शेवटचं वाक्य पोरीनं हळू वाचलं. दोघंही शाईबाईकडं बघायला लागले.

गावच्या विहिरीवर पाय घसरायच्या आधी एक क्षण असतो, पाण्याचा गारवा लागतो पण माणूस अजून काठावरच असतो. तसं झालं तिला. मग ती बोलली.

"एक बारावं होतं. ते बनवताना माझ्या नवऱ्याची तीन बोटं गेली. थोरले साहेब म्हणाले, पक्क्या वहीत घालायचं नाही. मी घातलं नाही. लोखंडी हत्यारानं खरवडताना काच फुटली, निष्काळजीपणा झाला, असा कागद मीच लिहिला आणि मीच साक्षीदार म्हणून सही केली. फसलेलं मी एकही पान लिहिलं नाही. सव्वीस वर्षं. घोक्याचं बरोबर आहे."

चष्मेवालीनं आपले हात पोटाशी धरले, थंडी वाजावी तसे.

"ओव्हन बंद आहे ना?" साहेब म्हणाले. "मग गार होऊ द्या. अग्निशमनवाल्यांना बोलावतो. गार झालं की धोका कमी."

"नाही!"

आवाज जिन्यातून आला. डावरा वर येत होता, छातीशी एक जुनी वही धरून. वहीचा पुठ्ठा फुगलेला, एका कोपऱ्याला तपकिरी डाग. शाईबाईनं ती वही ओळखली. एकोणीस वर्षांपूर्वीची ती कच्ची वही तिनं बॉयलरमध्ये टाकली नव्हती. प्रेमबिम काही नाही, त्यावर रक्त होतं आणि रक्त जाळायला तिचा हात धजावला नाही. लोखंडी पेटीच्या तळाशी, जुन्या चादरीखाली तिनं ती लपवलेली. नवऱ्यापासूनसुद्धा, आणि ते पान स्वतःही कधी उघडलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?" ती म्हणाली.

"पेटीची बिजागरी मीच बदलली ना दोनदा." त्यानं वही साहेबांपुढं उघडून धरली. "हे वाचा. मी वाचत नाही."

साहेबांनी वाचलं. डावऱ्याचं जुनं, उजव्या हाताचं अक्षर होतं, उभं आणि घाईचं.

'सकाळी दहा. ओव्हन बंद केला. पूड पांढरी, छान. सव्वादहा. कडा पिवळसर. साडेदहा. पिवळं आत सरकतंय. टिकटिक आवाज येतोय. गरम असताना नव्हता. थोरल्या साहेबांना सांगितलं. म्हणाले, काढून ठेवा टेबलावर, दुपारी पाहुणे आहेत, दाखवायचंय.'

त्यापुढं काही लिहिलेलं नव्हतं. डाग होता.

"मी खरवडलंच नव्हतं," डावरा बायकोकडं न बघता म्हणाला. "उचलली फक्त. ओलं असेस्तोवर ते मेंढरू. गरम असेस्तोवर झोपलेलं. गार व्हायला लागलं की उठतं."

शाईबाई भिंतीला टेकली. एकोणीस वर्षं ती धरून चालली होती की नवऱ्यानं खरवडलं. कागदावर तसं होतं. तो कागद तिनंच लिहिला होता.

चष्मेवाली घड्याळाकडं बघत होती. "अकरा वीसला बंद केलाय मी. आता अकरा पंचेचाळीस."

खोलीच्या दाराला जाड काचेची खिडकी होती. तिच्यातून समोरच ओव्हनची काच दिसायची. चौघांनीही बघितलं. बशीतली पूड पांढरी होती, मीठ वाटावं अशी. पण कडेनं, नखाच्या कडेएवढी, पिवळी रेघ सगळीकडून फिरलेली.

"टिकटिक येतंय?" साहेबांनी विचारलं. दारातून ऐकू येण्यासारखं नव्हतं.

"परत तापवायला पाहिजे," डावरा म्हणाला. "बटण फिरवायला पाहिजे."

"कुणीही आत जाणार नाही," साहेब म्हणाले.

"मग दहा मिनिटांत इथली काच गोळा करायला कुणीतरी जाईल."

"मीच बंद केलाय," चष्मेवाली म्हणाली, "मीच..."

"तू गप. तुझ्याकडं घालवायला पुष्कळ आहे." डावऱ्यानं कोपऱ्यातली ढाल उचलली, छातीएवढ्या उंचीची, जाड पारदर्शक, विषारी वाफा ओढणाऱ्या हुडापुढं उभी करायची. गॉगल चढवला. शाईबाईनं त्याची बाही धरली. त्यानं बाहीकडं बघितलं, मग तिच्याकडं. "सोड. डावा हात आहे. ह्यानं मला नीट जमतं."

तिनं सोडली. ढाल पुढं धरून तो आत गेला. सहा पावलं होती. चौथ्या पावलाला थांबला, मान तिरकी केली, ऐकलं. काय ऐकलं ते त्यानं नंतरही कधी सांगितलं नाही. पुढची दोन पावलं त्यानं अंड्यावरून चालावं तशी टाकली, ढालीच्या कडेनं डावा हात काढला, आणि बटण फिरवलं. लाल दिवा लागला. तो पाठ न फिरवता, तसाच मागं मागं सरकत बाहेर आला. शाईबाईनं त्याच्यामागं दार लावून घेतलं.

"आता इमारत रिकामी करा," डावरा म्हणाला. "आणि ओव्हनचं दार कुणी उघडायचं नाही. हवा ओढणारा पंप पलीकडच्या खोलीत आहे. त्याची नळी भिंतीतून ओव्हनमध्ये जाते. तिकडूनच वाफ सोडायला सांगा, हळूहळू. भिजलं की मेलं ते."

साहेबांनी ऐकलं. हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे, त्यांनी एका पहारेकऱ्याचं ऐकलं आणि अग्निशमनवाल्यांना तसंच्या तसं सांगितलं.

सगळी प्रयोगशाळा समोरच्या शेडमध्ये उभी राहिली. वाफ सोडायला तास लागला, वाट बघायला अजून एक. कुणाचा तरी डबा फिरला, कुणीच खाल्लं नाही. चष्मेवाली शाईबाईच्या शेजारी उकिडवी बसली होती.

"मावशी, तुम्ही खोटं बोलला नसता तर मी दार उघडलं असतं."

"आणि मी खोटं बोलले म्हणून तू ओव्हन बंद केलास. मी काही चांगलं केलं असं समजू नको. सरळ सांगायला पाहिजे होतं."

"का नाही सांगितलं?"

"सवय," शाईबाई म्हणाली. "चांगलं दिसायची सवय."

दुपारी अडीचला अग्निशमनवाल्यानं लांब दांड्यानं ओव्हनचं दार उघडलं. आत बशीत पांढरा लगदा होता, पिठाचा गोळा फसावा तसा. धोका गेला, असं त्यानं खिडकीतून शेडकडं हात करून सांगितलं, आणि दांड्याला बांधलेल्या ओल्या ब्रशानं दाराचा रबर पुसायला घेतला. रबराच्या वरच्या घडीत, जिथं वाफ पोचली नव्हती, तिथं मोहरीएवढा पिवळा कण चिकटून राहिला होता. ब्रश लागला.

आवाज फटाक्यासारखा झाला. ओव्हनच्या दाराची काच कडेपासून कडेपर्यंत तडकून पांढरी झाली, कोळ्याच्या जाळ्यासारखी. ब्रशाचे निम्मे केस जळाले. शेडमध्ये चष्मेवालीनं दोन्ही हात समोर धरले आणि बघत बसली.

"मोजून घे," डावरा म्हणाला. "दहा आहेत ना? रोज झोपायच्या आधी मोजत जा."

ती हसली आणि लगेच रडायला लागली, आणि डावऱ्याला काय करावं ते सुचेना म्हणून तो फाटकाकडं निघून गेला.

संध्याकाळी साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बसवलं. खुर्च्या पुढं ओढल्या. म्हणाले, "हे मला वर कळवावं लागेल. तो जुना कागदसुद्धा."

"कळवा," शाईबाई म्हणाली.

"खोट्या कागदावर तुमची सही आहे, बाई."

"सही माझी, अक्षर माझं, शाईही माझीच. कळवा."

"घराचं काय?" डावऱ्यानं विचारलं.

साहेबांनी मेजावरचा पेन उचलला, परत ठेवला. "मी माझ्याकडून लिहीन. पण हो म्हणवत नाही मला."

"खरं बोललात, बरं वाटलं," डावरा म्हणाला, आणि त्यात टोमणा नव्हता.

चौकशी झाली. दोन माणसं आली, बाईला आणि बाप्याला वेगवेगळं बसवून विचारून गेली. थोरले साहेब ऐकायला नव्हते, त्यांच्या खोलीतला फोटो तेवढा भिंतीवरून निघाला आणि भिंतीवर चौकोन राहिला. महिन्याभरानं पत्र आलं. खोट्या साक्षीबद्दल बाईला ठपका. डावऱ्याच्या नावावरचा निष्काळजीपणाचा शिक्का पुसला. पण दोन खोल्या ज्या कागदाच्या बदल्यात दिलेल्या तो कागदच खोटा निघाला, सबब तीन महिन्यांत जागा खाली करावी.

"खरं बोलल्याचं बक्षीस," डावरा म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं पेटीची बिजागरी तिसऱ्यांदा बदलली.

बाईची खुर्ची मात्र राहिली, आणि ती कुणाच्या दयेनं नाही. चष्मेवालीनं साहेबांसमोर घोक्याला विचारलं होतं, आता पुढं काय? घोक्या म्हणाला, "जे फसलं ते मला सांगा. माझ्याकडं सगळी जमलेलीच पानं आहेत, त्यामुळं मी जमेल असंच म्हणत राहतो." कच्च्या वह्या तर कधीच बॉयलरमध्ये गेलेल्या. त्या सगळ्या अख्ख्या जगात एकाच जागी शिल्लक होत्या. जिनं सव्वीस वर्षं काय गाळायचं ते ठरवलं, तिच्या डोक्यात.

तर आता शाईबाई नवी पक्की वही घेऊन बसते. बारावं पान तिनं पहिल्यांदा लिहिलं, नवऱ्याला शेजारी बसवून, त्याच्या तोंडून. दुसऱ्याच ओळीला तो म्हणाला, "नाही नाही, सव्वादहा नाही, दहा वाजून दहा मिनिटं. वहीत मी नंतर लिहिलं होतं." तिचा पेन थांबला. खाडाखोड नसलेल्या पानाकडं तिनं जरा वेळ बघितलं. मग तिनं 'सव्वादहा' वर आडवी रेघ मारली, एकच, सरळ, आणि वर बरोबर वेळ लिहिली. पानावर ती रेघ बशीतल्या पिवळ्या कडेसारखी उठून दिसायला लागली, ती तिनं तशीच राहू दिली.

तेव्हापासून दुपारी फाटकावर बदली माणूस आला की डावरा वर येतो. ती आठवते, तो दुरुस्त करतो. परवा एकशे बेचाळिसावं पान चाललं होतं. शेजारी चष्मेवाली बसलेली, शाईबाईच्या डब्यात एक घास जास्तीचा.

"हे हिरव्या द्रवाचं," शाईबाई म्हणाली. "तीनदा केलं, तीनदा फसलं. कारण कळलं नाही."

"कारण कळलं नाही काय!" डावरा म्हणाला. "दोनदा फसलं. तिसऱ्यांदा जमलं होतं. साहेबांनी कोपर मारून फ्लास्क सांडला, आणि आपली चूक झाकायला म्हणाले, फसला म्हणून सांगा."

"थोरल्या साहेबांनी?"

"मग काय मी?"

चष्मेवाली खाता खाता थांबली. "म्हणजे ते जमतं?"

शाईबाईनं पेन शाईत बुडवला. "तसं लिहू?"

"तसंच लिही," डावरा म्हणाला. "कोपर मारून. उजव्या कोपरानं."